स्टिअरिंगचा नवस

हसायचं असेल तर खुशाल हसा, पण आधी कप खाली ठेवा. मागच्या खेपेला हा किस्सा ऐकताना आमच्या मेहुण्याच्या नाकातून चहा आला आणि त्याचं बिल बायकोनं माझ्या नावावर फाडलं.

मी आयुष्यात लहानमोठे गाढवपणे पुष्कळ केले. पण ज्या गाढवपणाचा लालबागच्या नाक्यावर आठ बाय दहाचा बॅनर लागला, तो एकच. माझ्या फोटोसकट! हात जोडलेला फोटो! खोटं सांगत असेन तर बायकोला विचारा, ती आत पोहे परततेय.

तर मुद्दा असा, की मला गाडी चालवता येत नाही.

किती सहज बोललो ना? हे एवढंसं वाक्य घशातून बाहेर यायला सव्वीस वर्षं लागली.

झालं असं, की अठ्ठाविसाव्या वर्षी मी दादरला मोटर ट्रेनिंगचा क्लास लावला. दादरला अशासाठी, की लालबागमध्ये ओळखीचं कुणी बघायला नको. पहिल्या दिवशी मास्तर म्हणाले, "हळूच क्लच सोडा." मी सोडला. हळूच नाही सोडला. गाडीनं एक उडी मारली आणि फूलबाजाराच्या तोंडाशी बसलेल्या एका मावशींच्या झेंडूच्या टोपल्यांत शिरली.

मावशींनी मला कॉलर धरून बाहेर काढलं. "ही चेंदामेंदा झालेली फुलं आता कुणाच्या डोक्यावर घालू? तुझ्या?" म्हणाल्या आणि खरंच घातली. वर सगळी फुलं मला विकतही घ्यायला लावली. मी दोन्ही हातांत झेंडू, केसांत झेंडू, शर्टाच्या खिशात झेंडू, असा चाळीत परत आलो.

आई गॅलरीत तांदूळ निवडत बसली होती. तिनं मला बघितलं आणि सूप बाजूला टाकून उठली.

"पास झाला गं माझा सदा! क्लासवाल्यांनी सत्कार केला बघा!"

अहो, क्लासचा पहिला दिवस! पण आईला थांबवणार कोण? मी तोंड उघडेपर्यंत ती पेढे आणायला खाली गेलीसुद्धा. संध्याकाळपर्यंत तिन्ही मजल्यांवर पेढे पोचले. बाबा गिरणीत आयुष्यभर साच्यावर उभे राहिलेले, घरात कधी सायकलही आली नाही, आणि आता मुलगा मोटर चालवणार! आईचे डोळे भरून आले होते. म्हटलं, उद्या सांगू.

तो उद्या काही उजाडला नाही. क्लासला मी परत गेलो नाही आणि घरी कुणी विचारलं नाही. विचारणार कशाला? लालबागच्या चाळीत राहणाऱ्या माणसाला कोण म्हणणार, की बाबा, तुझी गाडी काढ? आमच्या गल्लीत स्कूटरसुद्धा तिरकी लावावी लागते.

पण गाड्यांचं वेड मात्र होतं हां. ते खरं. मी एका कॉलेजच्या लायब्ररीत काम करतो. गाड्यांची मासिकं पोरांच्या हाती लागायच्या आधी माझ्या डोळ्यांखालून जातात. कुठल्या गाडीचं इंजिन मागे आहे, कुठली शून्यावरून शंभरावर किती सेकंदात जाते, वळणावर कुणाची पकड घट्ट, सगळं तोंडपाठ! रविवारी नाक्यावर मी बोलायला लागलो, की लोक चहा थंड करून घेत. एवढं बोलणाऱ्या माणसाला गाडी येत नसेल, असं कुणाच्या मनात तरी येईल का? सत्य फक्त बायकोला, सुनीताला माहीत. लग्नाच्या दुसऱ्या महिन्यात मी तिला सांगून टाकलं. ती म्हणाली, "तुमचं तुम्ही निस्तरा. मला यात ओढू नका."

आता यात पक्या येतो.

पक्या म्हणजे प्रकाश, माझा बालमित्र, आमच्याच मजल्यावरचा. लिफ्टच्या दुरुस्तीचा धंदा टाकला, तो असा चालला की पठ्ठ्या आज प्रभादेवीला विसाव्या मजल्यावर राहतो. पण माणूस तोच. अजून मला 'सद्या' म्हणतो, आमच्या घरी आला की पाय पसरून भिंतीला टेकून बसतो. दोन वर्षांपूर्वी त्याला हार्ट अटॅक आला. अँजिओप्लास्टी झाली. सगळ्यांची पाचावर धारण बसली होती. त्यातून बरा झाला आणि मागच्या भाद्रपदात एके दिवशी त्याचा फोन आला.

"सद्या, स्पोर्ट्स कार घेतोय."

मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो. "काय सांगतोस!"

"हॉस्पिटलात पंखा बघत पडलो होतो ना, तेव्हाच ठरवलं. शाळेत आपण वह्यांवर गाड्यांची चित्रं चिकटवायचो. म्हटलं, यातून उठलो तर एक खरी घ्यायची. डॉक्टरांना पण विचारलंय. एरवी ऑफिसला न्यायची आणि महिन्यातून एकदा ट्रॅकवर फाडायची! दोन काढून ठेवल्यात. एक जर्मन, एक इटालियन. बोल!"

"इटालियन! डोळे मिटून इटालियन! अरे, ट्रॅकवर तिच्यापुढे जर्मन म्हणजे सोसायटीचा सेक्रेटरी."

"डोळे मिटून नको. डोळे उघडे ठेवून चालवून बघ. वैशालीची अट आहे."

वैशाली म्हणजे त्याची बायको. तिनं मागून फोन घेतला. "भाऊजी, गाडी बघितली की ह्यांचं डोकं चालत नाही. तुमचं चालतं. तुम्ही दोन्ही चालवायच्या, आणि तुम्ही हो म्हणाल ती घ्यायची. तुम्ही नको म्हणालात, तर एकही नाही. ह्यांच्या छातीचा प्रश्न आहे, मी दुसऱ्या कुणावर विश्वास ठेवणार नाही."

घ्या! म्हणजे मी नाही चालवली, तर पक्याची गाडी नाही. आणि खरं सांगितलं, तर सव्वीस वर्षं शायनिंग मारणारा सद्या चाळीत तोंड दाखवू शकत नाही.

"शनिवारी येतो गाड्या घेऊन," पक्या म्हणाला.

"शनिवारी? शनिवारी लोखंड घेतात का, मेल्या?"

"घेत कुठं आहे? नुसती ट्रायल!"

"हात लावला की घेतल्यातच जमा. आणि सध्या पितृपक्ष आहे, माहितीय ना?"

"बरं, मग रविवारी?"

मी भिंतीवरच्या कॅलेंडरला नाक लावलं. "रविवारी सर्वपित्री अमावास्या!"

"सद्या, तू कधीपासून एवढा धार्मिक झालास रे?"

"वयानुसार होतं माणसाचं."

पण पंचांग काही माझ्या बापाचं नव्हतं. सोमवारी घटस्थापना आली. एवढा चांगला दिवस, की कुठून खोट काढू? संध्याकाळी दोघं नवराबायको थेट घरीच हजर! शोरूमच्या माणसानं ती लाल इटालियन आमच्या गल्लीच्या तोंडाशी आणली होती. मला कळलं कसं? अहो, खालून एकच आरडाओरडा झाला. गाडी इतकी बुटकी, की गल्लीच्या पहिल्याच स्पीडब्रेकरवर पोट टेकून बसली. पुढे जाईना, मागे येईना. मंडळाच्या सहा कार्यकर्त्यांनी 'मोरया' म्हणत तिला उचलून अलीकडे ठेवलं.

"ही रोज ऑफिसला न्यायची?" वैशालीवहिनींनी मला विचारलं.

"वहिनी, ट्रॅकवर स्पीडब्रेकर नसतात," मी म्हटलं. तज्ज्ञ ना मी!

"बरं, मग चला. तुम्ही चालवा." पक्यानं किल्ली माझ्यापुढे धरली.

आता काय करू? आत स्वयंपाकघरात सुनीताच्या हातून पातेलं पडलं. मुद्दाम पाडलं असणार. आणि माझ्या तोंडातून शब्द बाहेर आले.

"पक्या, मी स्टिअरिंगला हात लावू शकत नाही. माझा नवस आहे."

"कसला नवस?"

इथं गप्प बसलो असतो तरी भागलं असतं. पण थाप मारणाऱ्या माणसाची जीभ थांबते का?

"तू हॉस्पिटलात होतास ना, तेव्हा बोललो होतो. म्हटलं, देवा, पक्याला पायांनी चालत घरी आण. मला सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे गाडी चालवणं, ते मी सोडलं."

पक्या पुढे आला आणि त्यानं मला अशी मिठी मारली, की माझा चष्मा वाकडा झाला. वैशालीवहिनी पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "भाऊजी, आणि इतके दिवस एका शब्दानं बोलला नाहीत?"

"सांगायचं नसतं," मी म्हटलं.

"आणि लायसन्स?"

"समुद्रात सोडलं."

शपथेवर सांगतो, हे कुठून सुचलं मला माहीत नाही. सुनीता स्वयंपाकघराच्या दारात येऊन माझ्याकडे बघत उभी होती. त्या नजरेनं दूध नासलं असतं.

चाळीत भिंती असतात त्या नावाला. पाच मिनिटांत बातमी तिसऱ्या मजल्यावर, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला खाली उतरतो तर नाक्यावर बॅनर! मंडळाचा अध्यक्ष बंड्या तिथंच शिडीला टेकून उभा होता. 'मित्राच्या प्राणासाठी स्टिअरिंगचा त्याग करणारे आमचे सदाकाका यांना मानाचा मुजरा!' खाली माझा फोटो, बाजूला एक स्टिअरिंग आणि त्याच्यावर लाल फुली.

"बंड्या, काढ ते!"

"काका, तुम्ही प्रसिद्धीच्या मागे नाहीत, हेच तर आम्हाला आवडतं."

भाजीवालीनं माझ्याकडून कोथिंबिरीचे पैसे घेतले नाहीत. पानवाला दोन बोटं कपाळाला लावून नमस्कार करायला लागला. कॉलेजात लायब्ररियनबाईंनी मला चहा पाजला आणि म्हणाल्या, "आजच्या काळात अशी मैत्री राहिली नाही हो." प्रत्येक नमस्कारागणिक मी जमिनीत एक इंच खाली जात होतो.

मला वाटलं, निदान गाडी चालवायची तरी टळली. कसलं टळतंय! बुधवारी पक्याचा फोन.

"सद्या, भटजींना विचारलं. नवसातून मोकळं होता येतं."

"क... कसं?"

"ज्याच्यासाठी नवस बोलला, त्यानं, म्हणजे मी, तुझ्या दारापासून प्रभादेवीपर्यंत अनवाणी चालत जायचं. गणपतीला एकवीस मोदक आणि दूर्वा वाहायच्या आणि तुझं स्टिअरिंग परत मागायचं. मंगळवारी पहाटे निघू. बुधवारी ट्रॅक. गुरुवारी दसरा, मुहूर्तावर बुकिंग! बसतंय की नाही बरोबर?"

"पक्या, तू अनवाणी चालू नकोस रे! तुझी तब्येत..."

"तू माझ्यासाठी एवढं सोडलंस, मी तुझ्यासाठी तासभर चालू शकत नाही?"

मंगळवारी पहाटे साडेपाचला पक्या चप्पल आमच्या दाराबाहेर काढून उभा. सोबत वहिनी, हातात पाण्याची बाटली आणि त्याच्या गोळ्यांची डबी. मागे मंडळाची दहाबारा माणसं. मीही चपला काढल्या. दुसरं काय करणार?

करी रोडचा पूल चढताना पक्या जरा थांबला. मला वाटलं, हीच वेळ आहे. सांगून टाकावं.

"पक्या, ऐक ना. मला तुला एक..."

"सद्या, आधी माझं ऐक." तो कठड्याला धरून श्वास घेत होता. "बरं झाल्यावर लोक भेटायला आले, फळं घेऊन आले, सगळे म्हणाले, 'आम्ही प्रार्थना केली.' मी सगळ्यांना थँक्यू म्हटलं. पण माझ्यासाठी कुणी काही सोडलं असेल, असं मला वाटलं नव्हतं. मला रात्रभर झोप नाही आली रे." आणि तो परत चालायला लागला.

आता यावर कुठल्या तोंडानं सांगू? एका खड्यावर त्याचा पाय पडला, 'स्स' केलं त्यानं, पण थांबला नाही. देवळापाशी पोचलो तेव्हा त्याच्या टाचेला टपोरा फोड आला होता. गणपतीपुढे उभा राहून त्यानं मोठ्यानं सांगितलं, "देवा, ह्याची गाडी ह्याला परत दे." मी डोळे मिटून मनात म्हटलं, देवा, नको देऊस. तुला सगळं माहितीय.

बुधवारी आम्ही ट्रॅकवर पोचलो. मुंबईबाहेर, घाटाच्या अलीकडे. शोरूमवाल्यांनी दोन्ही गाड्या उभ्या केल्या होत्या, लाल इटालियन आणि करडी जर्मन. जाधव नावाचे ट्रॅकचे मास्तर होते, शांत कोल्हापुरी माणूस. ट्रॅक खाजगी आणि जाधव शेजारी बसणार, त्यामुळे लायसन्स कुणी विचारलं नाही. वहिनींनी गाडीला हळदकुंकू लावलं. पक्यानं नारळ फोडला. माझ्या डोक्यावर हेल्मेट चढवलं आणि मला त्या लाल गाडीत कोंबलं. बसलो कसला, तळाशी जाऊन पडलो.

"सर, ब्रेकवर पाय ठेवा आणि बटण दाबा," जाधव म्हणाले.

माझे दोन्ही पाय शिवणाच्या मशीनवर असल्यासारखे हलत होते. काचेबाहेर पक्या मोबाइल धरून शूटिंग करत होता. आणि त्या क्षणी मला दिसलं, की आता ही गाडी मी पुढे नेली तर मी मरेन, जाधवांना मारेन, आणि पक्याचं हृदय दुसऱ्यांदा बंद पडेल. तिसरं तर मला परवडणारच नव्हतं.

मी काच खाली केली. "पक्या, मला गाडी येत नाही."

पक्यानं मोबाइल खाली घेतला. डोळे भरून आले त्याचे! "वैशू, बघ! देवानं मोकळं केलं तरी हा माणूस नवस सोडायला तयार नाही."

"अरे बाबा, खरंच येत नाही!"

"भाऊजी," वहिनी वाकून म्हणाल्या, "आता मनात किंतु नको."

"वहिनी, किंतु नाही, लायसन्स नाही! कधी नव्हतंच!"

"समुद्रात सोडलं ना, ते ठाऊक आहे आम्हाला."

आता बोला! सव्वीस वर्षं खोटं बोललो, सगळ्यांनी डोळे झाकून विश्वास ठेवला. एकदा खरं बोलतोय, तर कुणी ऐकायला तयार नाही! मला असा संताप आला, स्वतःचाच. "थांबा, दाखवतोच!" म्हणालो, ब्रेकवर पाय ठेवून बटण दाबलं आणि दुसराही पाय खाली दाबला. ब्रेक समजून. गियर पडलेला नव्हता म्हणून वाचलो. माझ्या पाठीमागून ते इंजिन असं काही डरकाळलं, की मी "आई गं!" करून स्टिअरिंग सोडलं आणि जाधवांच्या गळ्यात पडलो. पाय मात्र खालीच! गाडी गर्जतेय, मी किंचाळतोय, आणि जाधव शांतपणे म्हणतायत, "सर, पाय काढा. सर, तो पाय आधी काढा."

पाय काढला. शांतता झाली. पक्याच्या डोक्यात हळूहळू उजेड पडला.

"च्यायला," तो म्हणाला. "ह्याला खरंच येत नाही."

मला बाहेर काढून ट्रॅकच्या कडेला टायरांच्या थप्पीवर बसवलं. मी हेल्मेट मांडीवर घेऊन सगळं सांगितलं. दादरचा क्लास, झेंडू, आईचे पेढे, सगळं. पक्या ऐकत होता. चेहऱ्यावर काहीच नाही. तेच जास्त भीतीदायक होतं.

"आणि नवस?"

"नव्हता."

"म्हणजे मी आत होतो, तेव्हा तू देवाला काहीच बोलला नाहीस?"

"नाही रे," मी म्हटलं. "मला एक ओळ आठवेना. साधं गणपतीचं नाव घेता येईना, एवढी फाटली होती. मी बाकावर बसून समोरच्या लाद्या मोजत होतो. एकशे बारा होत्या. परत परत त्याच मोजल्या."

"किती वेळ?"

उत्तर वहिनींनीच दिलं. "दोन रात्री. मी पोरीला घेऊन घरी जायचे, सकाळी यायचे, तर हे त्याच बाकावर. मी म्हटलं, भाऊजी, घरी जा. तर म्हणाले, इथं पंखा चांगला आहे."

पक्या वहिनींकडे वळला. "मला हे कुणी सांगितलं नाही."

"त्यात सांगायचं काय?" मी म्हटलं.

"साल्या, तुला जे सांगायला पाहिजे ते सांगत नाहीस, आणि जे घडलंच नाही त्याचे बॅनर लावतोस!" मग त्यानं बूट काढला, मोजा काढला आणि टाच माझ्या नाकासमोर धरली. "आणि ह्याचं काय? हा फोड कुणाच्या नवसाचा?"

एवढं बोलून तो छातीवर हात ठेवून वाकला. आम्ही दोघं ओरडलो. वहिनींनी गोळ्यांची डबी उघडली, जाधव धावत आले.

"हसतोय रे! हसू द्या मला!"

अहो, तो माणूस त्या टायरांवर लोळून हसला. वहिनी हसल्या. कोल्हापुरी जाधवसुद्धा तोंड फिरवून हसले. आणि मी? मी रडलो. चोपन्न वर्षांचा बाप्या, हेल्मेट कुशीत घेऊन हमसून हमसून रडलो. दुसरा कुणी असता तर तिथंच माझी कॉलर धरली असती आणि आयुष्यभर तोंड बघितलं नसतं. ह्यानं डोळे पुसले आणि विचारलं, "चालवता येत नाही, पण बसता येतं ना? मग बस. मला गाडी निवडायचीय."

आधी इटालियन. पक्या चालवायला, मी शेजारी. वीस वर्षं तिचे गोडवे गायले मी. तिसऱ्या वळणाला माझी आतडी उजवीकडे आणि मी डावीकडे. पाठीखाली सीट आहे की पाटा, कळेना. थांबल्यावर मला बाहेर काढायला दोन माणसं लागली आणि पक्याला तीन. मग जर्मन. तीही पळाली, अगदी जीव खाऊन पळाली, पण वळणावर मी पक्याला म्हणालो, "बाजूची हिरवळ छान आहे," आणि त्याला ते ऐकू आलं.

वहिनी समोर येऊन उभ्या राहिल्या. "भाऊजी, आता खरं सांगा."

"वहिनी, मासिकात विचाराल तर इटालियन. ट्रॅकवर ती दोन सेकंद पुढे राहील. पण तिच्यात माणसाला बोलता येत नाही. जर्मनमध्ये येतं. ह्याला कधी बरं वाटेनासं झालं, तर निदान 'थांबव' म्हणता येईल, शेजारच्याला ऐकू येईल आणि कुणाची मदत न घेता दार उघडून उतरता येईल. शिवाय लालबागला आला, तर मंडळाला उचलावी लागणार नाही."

मासिकात न वाचलेलं, मी गाडीबद्दल बोललेलं हे पहिलं वाक्य होतं. वहिनींनी पक्याकडे बघितलं. "जर्मन," त्या म्हणाल्या. दसऱ्याच्या सकाळी बुकिंग झालं.

बॅनर? तो आठवडाभर तसाच होता. मी बंड्याला सगळं खरं सांगितलं. तो म्हणाला, "काका, केवढा विनय!" शेवटी पक्यानं स्वतः शिडीवर चढून उतरवला.

घरी येऊन सुनीताला सांगितलं. ती म्हणाली, "मोकळे झालात ना? मग जेवा आता." त्या रात्री मी सव्वीस वर्षांनी पोटभर जेवलो असं वाटलं. खरंच सांगतो, त्या ट्रॅकवर मला जे मिळालं, ते कुठल्याही शोरूममध्ये मिळत नाही. माझ्या खोट्या नवसासाठी कुणी अनवाणी चाललं आणि खरं कळल्यावरही शेजारी बसवलं. मी त्याचे आभार मानायला गेलो, तर म्हणाला, "गप रे, चहा घे."

पण पक्या तो पक्याच. गाडी यायच्या आधी त्यानं माझं नाव परळच्या एका मोटर ट्रेनिंगमध्ये घातलं. आता मला लर्निंग लायसन्स आहे. दर रविवारी सकाळी सातला मी क्लासची जुनी छोटी गाडी घेऊन निघतो, डोक्यावर ही एवढी लाल एलची पाटी, शेजारी मास्तर. आणि माझ्या मागे कुणी हॉर्न मारून मला घाबरवू नये, म्हणून पक्या त्याची ती करडी जर्मन घेऊन माझ्यामागून येतो. परळपासून दादरपर्यंत. मी पंधराच्या वेगानं, तर तोही पंधराच्या वेगानं.

परवा सिग्नलला मी गाडी बंद पाडली. चालू करायचा प्रयत्न करत होतो, तेवढ्यात एका टॅक्सीवाल्यानं पक्याच्या शेजारी टॅक्सी लावली. त्या झगझगीत गाडीकडे डोळे भरून बघितलं आणि विचारलं, "शेठ, क्या गाडी है! कितना भागती है?"

पक्यानं काच खाली करून माझ्या एलच्या पाटीकडे बोट दाखवलं.

"वो आगेवाले साहब को पूछो, भाई. वो जितना भागेंगे, उतना."